खालून चढलेलं पाणी

१८ जानेवारी १९२९, हिंगणवाडी

सोलापूरची गड्ड्याची जत्रा करून काल परत आलो. येताना नव्या पेठेतून ही वही आणली. सरकारी सडकांच्या नोकरीत एकतीस वर्षं रोज संध्याकाळी दिवसाचं काम लिहून ठेवलं. किती माणसं आली, किती मुरूम पडला, कुठल्या मैलापर्यंत दबाई झाली. निवृत्त होऊन गावी आलो आणि ती सवय सुटली. आता पुन्हा लिहायला कारण आहे. मी ओढ्यावर बांध घालणार आहे.

गेल्या भाद्रपदात ओढ्याला पूर आला आणि खालची आळी अर्ध्या दिवसात बुडाली. अकरा घरं पडली, तीन माणसं गेली. त्यातला धुळाप्पा माझ्या चांगल्या ओळखीचा. दावणीचा बैल सोडायला पाण्यातून परत आत गेला, तो आलाच नाही. त्याची बायको चिमाबाई पडक्या भिंतीला कडब्याचा आडोसा लावून तिथेच राहते आहे.

गाव म्हणतं, दैवाचा फेरा. मी म्हणतो, वर अडवलेलं पाणी खाली येईलच कशाला? गावापासून मैलभर वर ओढा दोन टेकड्यांच्या मधून येतो. तिथे मातीचा बांध घातला की पुराचा लोंढा आधी तिथे थबकेल आणि कडेच्या सांडव्यातून बेताबेताने उतरेल. माझ्या हातचं काम पाण्याला दाद देत नाही हे गावाने पाहिलंच आहे. गावाखालची सडक मी सात वर्षांमागे बांधली. एवढा पूर आला, पण तिचा दगड हलला नाही.

२७ जानेवारी

चावडीवर बैठक झाली. आबासाहेब पाटलांनी गाव गोळा केलं होतं. मी जमिनीवर काडीने टेकड्या काढून दाखवल्या, बांध काढला, सांडवा काढला. मृगाच्या आत पुरं करायचं असेल तर घरटी एक माणूस रोज हवं, असं सांगितलं. बरीच कुरकुर झाली, पण शेवटी माना डोलल्या.

चिमाबाई पारापाशी बसली होती. तिने एवढंच विचारलं, "बांध झाल्यावर आमच्या आळीत पाणी चढणार न्हाय?"

मी म्हटलं, "नाही चढणार."

ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मलाच मान फिरवावी लागली. दुःखाने माणूस असं होतं.

उठताना पाटील म्हणाले की, मिस्त्री, त्या सडकेचंही एकदा बघून घ्या. मी म्हटलं, सडकेला काय झालंय? त्यावर ते चंची उघडून पान लावत बसले.

३ फेब्रुवारी

अडचण आली. बांधाच्या वरची खोलगट जागा धनगरवस्तीचं कुरण आहे. पाणी थांबलं की त्यावर गाळ बसणार आणि दोन-तीन वर्षं तरी गवत नीट येणार नाही. वस्तीचा कारभार गोजाबाई बघते. साठीची विधवा, अंगाने काटकुळी, पण चारशे मेंढरं तिच्या शब्दावर चालतात. मी तासभर समजावलं. लोकहिताचं सांगितलं, पुण्याचं सांगितलं. ती घोंगडीवर बसून लोकर पिंजत होती. शेवटी म्हणाली, "मिस्त्री, आमी टेकडावरनं समदं बघितलं. त्या दिशी ओढा दणकून आला ही खरं. पर आळी बुडाली ती वरच्या पाण्यानं न्हाय. पाणी खालनं वर चढत आलं."

तिचा धाकटा दीर सिद्धाप्पा शेजारी उभा होता. तोही मान हलवत होता.

पाणी खालून वर चढतं असं एकतीस वर्षांत मी ऐकलं नव्हतं. अडाणी माणसांशी काय बोलायचं? परत आलो. घरी बायकोला, चन्नम्माला, सगळं सांगितलं तर ती ज्वारी निवडत राहिली. म्हणाली, "इरली." म्हणजे असू द्या. तिच्या माहेरच्या कानडीत हा एक शब्द सगळ्या दुखण्यांवर चालतो.

९ फेब्रुवारी

आज कारण नसताना सडकेवरून फिरून आलो. सडकेचा भराव गावाखालून आडवा जातो, आठ-नऊ फूट उंच. ओढा त्याखालून दोन मोऱ्यांतून निघतो. नकाशात तीन होत्या. तिसरीच्या पायाला काळा खडक लागला. मृग तोंडावर आला होता. साहेबांनी विचारलं, तिप्पण्णा, कसं करायचं? मी म्हटलं, साहेब, हा ओढा दहा महिने कोरडा असतो, दोन पुष्कळ झाल्या. त्यांनी सही केली. काम वेळेत पुरं झालं म्हणून मला शाबासकीचा कागद मिळाला. तो अजून पेटीत आहे.

हे कशाला लिहिलं कोण जाणे. बांधाचं लिहायचं होतं.

२० फेब्रुवारी

नारळ फोडून काम सुरू केलं. बत्तीस माणसं आली. बांधाच्या मधोमध लांबलचक चर खणायला घेतला आहे. कठीण मुरूम लागेपर्यंत खाली जायचं आणि मग तो चिकण काळ्या मातीने ठासून भरायचा, म्हणजे बांधाच्या पोटाखालून पाणी झिरपणार नाही.

चिमाबाई पाटी घेऊन पहिली हजर होती. धनगरवस्तीतून कुणी आलं नाही.

१४ मार्च

चर भरून झाला. आता बांध वर उचलायचा. वीतभर मातीचा थर टाकायचा, पाणी शिंपडायचं, धुम्मसाने ठोकून घट्ट करायचा आणि मग दुसरा. ठोकणं हेच जड जातंय. आज दिवसभर अठरा माणसं ठोकत होती, तरी थराचा सहावा हिस्साही बसला नाही. कुणाकुणाच्या हातांना फोड आले आहेत. बोटांवर हिशेब केला. या चालीने बांध दिवाळीत पुरा होईल, आणि पूर भाद्रपदात येतो.

ठोकल्यावाचून माती टाकली तर बांध उंच दिसेल. दिसेलच फक्त. पहिल्या पुरात विरघळून जाईल आणि साठलेलं सगळं पाणी एकदम गावावर येईल. तसं होण्यापेक्षा बांध नसलेला बरा. हे कुणाजवळ बोललो नाही.

१६ मार्च

आज माणसं वीसच. चन्नम्मा दुपारी धनगरवस्तीवर गेली होती. विचारलं तर म्हणाली, घोंगडीसाठी लोकर बघायला. घरात दोन घोंगड्या पडून आहेत. बायकांचा हव्यास.

१९ मार्च

माणसं चौदा. पाटलांशी बोलाचाली झाली. मी म्हटलं, लोक येत नसतील तर मी एकटा ठोकीन. ते म्हणाले, तुम्ही ठोकाल ते ठाऊक आहे, म्हणूनच काळजी वाटते.

चन्नम्मा आजही वस्तीवर गेली.

२२ मार्च

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

सकाळी थर टाकून पाणी शिंपडत होतो, तोच टेकडीवरून मेंढरं उतरताना दिसली. वाटलं, काम उधळायला आली. पुढे गोजाबाई, मागे सिद्धाप्पा आणि वस्तीतली माणसं. गोजाबाईने काही न विचारता कळप सरळ ओल्या मातीवर घातला. मी ओरडलो. तिने लक्ष दिलं नाही. चारशे मेंढरं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. तासाभराने तिने कळप बाहेर काढला आणि मला म्हणाली, "बघा की आता."

मी पहार उभी धरून सोडली. धुम्मसाने ठोकलेल्या जागी ती जेवढी रुतायची, त्याच्या निम्मीसुद्धा रुतली नाही. दहा ठिकाणी पाहिलं. धुम्मस वरून चेपतो. मेंढराचा खूर बारीक, तो मातीत शिरून तळापासून दाबत येतो. एकतीस वर्षांत हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी गोजाबाईला म्हटलं की तुम्हाला माझं म्हणणं पटलं याचा आनंद आहे. ती म्हणाली, "तुमचं म्हणणं न्हाय पटलं. पर माणसाला काम करू द्यावं. न्हाय तर त्ये आतनं कुजतं."

तिच्या बोलण्याचा रोख कळला नाही. पण कुरण दिलं आणि मेंढरंही दिली, हे मोठं मन. माझं त्या दिवशीचं बोलणं अगदीच वाया गेलं नसावं.

चन्नम्माला सांगितलं. ती हसली आणि ताट वाढलं.

१५ एप्रिल

बांध अकरा फुटांवर. दिवसाला एक थर बसतो. सकाळी लवकर आणि उन्हं कलल्यावर कळप फिरतो. मेंढरांना या कामाची इतकी सवय झाली आहे की शेवटच्या टोकाला आपणहून वळतात.

चिमाबाई सगळ्यांत जास्त पाट्या वाहते. माझ्याशी कामापुरतं बोलते. आज तिला म्हटलं, जरा बस. ती म्हणाली, "तुमी बसता का?"

३० मे

बांध पुरा झाला. मधोमध सतरा फूट उंच, पाण्याच्या अंगाला दगडांची फरसबंदी. सांडवा उजव्या टेकडीच्या मुरमातून काढला. गोजाबाईने तो पाहिला आणि आणखी सहा पावलं रुंद करायला सांगितलं. ती म्हणाली, पाण्याला वाट कमी दिली की ते वाट शोधत बसतं. मी मुकाट्याने रुंद केला. असलं बोलणं आता हसण्यावारी नेत नाही.

ती जाता जाता सडकेकडे बघत म्हणाली की हितली वाट झाली. मी म्हटलं, हो, झाली.

२२ सप्टेंबर

हे आजच लिहिलं पाहिजे.

दोन दिवस पाऊस धरून होता. आज पहाटेपासून तर आभाळ फाटल्यासारखा. उजाडताच बांधावर गेलो. पाटील, सिद्धाप्पा आणि वीसेक माणसं होती. तांबडं पाणी चढत चढत दहाच्या सुमाराला सांडव्याला लागलं आणि बाजूने वाहायला लागलं. माथ्याच्या दोन हात खाली पातळी थांबली. मी बांधाच्या पायथ्याशी वाकून माती चाचपली. कोरडी. कुठे झिरपा नाही, भेग नाही. माणसं हात जोडून उभी होती. आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता.

तेवढ्यात खालून चिमाबाई धावत आली. आळीत पाणी शिरलं, गुडघ्याएवढं झालं म्हणाली.

मला खरं वाटेना. लोंढा माझ्या डोळ्यांसमोर अडलेला होता. सांडव्यातून जात होतं ते एवढं थोडं की गेल्या वर्षीच्या पुराचा चौथा हिस्साही नाही. खाली पळत गेलो.

आळीच्या पलीकडे सडकेचा भराव, आणि त्याला टेकून पाणी उभं होतं. वाहत नव्हतं. तळ्यासारखं शांत. एक मोरी उपटून आलेल्या बाभळींनी बुजली होती. दुसरीतून जेवढं निघत होतं त्याच्या दुप्पट मागून येत होतं. पाणी घरांच्या मागच्या अंगाने, खालच्या बाजूने, वीत वीत वर सरकत होतं.

खालनं वर चढत होतं.

मी भरावावर उभा होतो. त्याच्या कडेचा एकेक दगड माझ्या ओळखीचा. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला जेमतेम वाहणारा ओढा. बांध म्हणतात तो हाच. मी सात वर्षांमागे घातलेला. याला सांडवा ठेवला नव्हता.

पाटील मागून आले. मी त्यांना म्हटलं, "सडक फोडतो."

ते म्हणाले, "सरकारी सडक आहे, मिस्त्री. मी पोलीस पाटील. मला वर लिहून द्यावं लागेल कुणी फोडली ते."

"माझं नाव लिहा."

"तुमचं निवृत्तिवेतन जाईल. आत घालतील."

"तिप्पण्णा मिस्त्री, राहणार हिंगणवाडी. लिहा."

कुदळ घेतली. जिथे तिसरी मोरी व्हायची होती तिथेच पहिला घाव घातला. दबाई पक्की होती. मीच उभं राहून करून घेतली होती. कुदळ उसळून यायची. खांदे भरून आले. बाजूला कुणीतरी टिकाव मारायला लागलं. मान वळवून पाहिलं तर चिमाबाई, लुगडं खोचून. मग सिद्धाप्पा आला, मग आळीतली माणसं. पाटलांनी फेटा काढून ठेवला आणि पाटी उचलली. दोघे गडी कमरेला दोर बांधून बाभळी ओढायला उतरले.

दोन प्रहर उलटल्यावर चर पाण्याच्या पातळीला पोचला. आधी हातभर धार गेली. मी सगळ्यांना मागे ओढलं. धारेने कडा खाल्ल्या, मग चाळीस फूट सडक एका दमात गेली. आवाज एवढा झाला की मला वाटलं मागचा बांध फुटला. वळून पाहिलं. बांध होता.

आळीतलं पाणी डोळ्यांदेखत उतरलं. दोन भिंती पडल्या. माणूस एकही गेलं नाही.

गेल्या वर्षी हेच करायचं होतं. मी वरच्या आळीत घराच्या पायरीवर उभा राहून सडक टिकली म्हणून समाधान मानत होतो.

२३ सप्टेंबर

चन्नम्माला विचारलं, तुला कधीपासून माहीत? ती म्हणाली, धुळाप्पाला उचलून आणलं त्या दिवसापासून. मग मला बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तुमी रात्री झोपेत मोऱ्या मोजता. मी काय सांगणार?"

गोजाबाईकडे लोकर आणायला गेलीच नव्हती. तिच्यापुढे पदर पसरायला गेली होती.

२५ सप्टेंबर

आज चिमाबाईकडे गेलो. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं.

ती चिखल उपसत होती. मी उभ्यानेच सांगितलं. नकाशात तीन मोऱ्या होत्या, खडक लागला म्हणून मी दोन केल्या, धुळाप्पा त्यामुळे गेला. दैवाने नाही.

ती उपसतच राहिली. मग म्हणाली, "ठाऊक हाय."

"कुणाकुणाला?"

"आळीला समद्या. पाण्याची रेघ व्हती की भिंतींवर. खालच्या अंगाला उंच, वरच्या अंगाला कमी. आंधळ्याला बी हाताला लागली असती."

मी म्हटलं, मग तोंडावर का बोलला नाहीत? मारलं का नाहीत?

ती पाटी खाली ठेवून सरळ उभी राहिली. "बोललो असतो तर तुमी गाव सोडून गेला असता. मंग बांध कुणी घातला असता? आमाला कुटं येतं ते." मग म्हणाली, "गोजाआत्याबी तेच म्हणाली. आधी बांध होऊ दे. सडकेचं त्येचं त्येला दिसंल."

मी मान खाली घातली. ती म्हणाली, "मी इसरले असं समजू नका. माफ केलं असंबी न्हाय. कुदळ मारताना बघितलं तुमाला, येवढंच."

मी पाटी उचलली. तिने नको म्हटलं नाही. संध्याकाळपर्यंत चिखल वाहिला.

४ ऑक्टोबर

पाटलांचा अहवाल वर गेला आहे. त्यांनी लिहिलं होतं की गावकऱ्यांनी सडक फोडली. मी माझा वेगळा अर्ज पाठवला. त्यात मोऱ्यांचं सगळं लिहिलं, खडकाचं, दोन पुष्कळ झाल्या म्हणालो त्याचं. शाबासकीचा कागद सोबत जोडला. चन्नम्माने अर्ज वाचून दाखवायला लावला आणि म्हणाली, साहेबांच्या सहीवर का ढकललं नाही? मी म्हटलं, साहेबांनी मला विचारलं होतं. मला ठाऊक होतं म्हणूनच विचारलं होतं.

११ नोव्हेंबर

सोलापुरात चौकशी झाली. साहेब नवा, तरुण. त्याने विचारलं, ही गोष्ट कुणी काढली नव्हती, तुम्ही आपणहून का लिहिलीत? मी सांगितलं की तुम्ही चाळीस फूट भराव पुन्हा टाकाल आणि जुन्या कागदावर दोन मोऱ्या बघून दोनच कराल. तो कारकुनाला म्हणाला, चार लिहा.

निवृत्तिवेतनाचं मागाहून कळवतील. बरं कळवतील असं वाटत नाही. कुर्डुवाडीला चुलतभावाचं लाकडाचं दुकान आहे, तो ये म्हणतो. मी नाही जाणार. बांधावर गवत लावायचं आहे, उंदरांची बिळं बुजवायची आहेत. मातीच्या बांधाला दरसाल माणूस लागतो.

२ डिसेंबर

चिमाबाई घर बांधते आहे, त्याच जागी. मी म्हटलं होतं, वर ये, पाटील जागा देतील. ती म्हणाली, हितं आमचा दारवंटा हाय.

आज तिने मला जोत्याची उंची आखून द्यायला बोलावलं. यंदाची पाण्याची पातळी, बांधाने धरलेलं पाणी, होणाऱ्या चार मोऱ्या, सगळा हिशेब केला. दोरी लावून खूण केली आणि सांगितलं, तीन फूट पुरे, वर हातभर तरी अंतर राहील. तिने नीट ऐकून घेतलं. कसं काढलं तेही विचारलं.

संध्याकाळी परत गेलो तर जोतं चार फूट चढलं होतं. माझी दोरी त्याच्या पोटात गाडली गेली होती.

वरच्या थरातला एक दगड डगमगत होता, मी त्याखाली दगडाची चीप ठोकून तो बसवला.